चैत्रगौरीला रूट बिअर

मनोरमा अंतरकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. शारजातल्या अबू शगारामध्ये आमची इमारत. लिफ्ट बंद पडलेली आणि नातूर, म्हणजे आमच्याकडचा इमारतीचा राखणदार, एकच पालुपद लावून बसलेला, "कल होगा, इन्शाल्ला." मनोरमा दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन त्याच्यासमोर उभी होती. म्हणाली, "भैया, इन्शाल्ला मैं बोलती हूँ, तुम फोन करो." त्याच संध्याकाळी लिफ्ट चालू झाली. इमारतीतल्या मराठी बायका मला काकू म्हणतात आणि माझं तोंड फटकळ आहे असंही म्हणतात. त्या दिवशी मला माझ्याहून फटकळ माणूस भेटलं आणि फार बरं वाटलं.

ती मूळची कुडाळकडची. लग्न होऊन मुंबईला आली आणि तिथून शारजाला. नवरा सुजीत परदेशी खाण्यापिण्याचा माल आणणाऱ्या एका कंपनीत होता. कंपनीचं ऑफिस आणि गोदाम औद्योगिक भागात, मालक रमणीकभाई. मुलगी मुग्धा तेव्हा नववीत. सुजीत सज्जन माणूस, इस्त्रीचा शर्ट, टाय, हळू आवाज. त्याला खोड एकच. एखादी गोष्ट आवडली की तो तिचं पुराण लावायचा. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्याला रूट बिअर आवडली.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच काही ना काही आवडलं होतं. कोणाला समुद्रात भराव घालून केलेलं घर, कोणाला तिसरी गाडी. त्या मानाने सुजीतची आवड फारच साधी म्हणायची. एका अमेरिकन बर्गरच्या दुकानात तो ती प्यायला, वर आइस्क्रीमचा गोळा टाकून, आणि घरी येऊन आम्हाला समोर बसवून सगळा इतिहास ऐकवला. अमेरिकेतले मूळचे लोक जंगलातली मुळं आणि साली उकळून प्यायचे. गोरे आले, त्यांनी ती सवय उचलली आणि घरोघरी आंबवून प्यायला लागले. मग अठराशे शहात्तर साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात तिथल्याच एका औषधवाल्याने ती लोकांपुढे मांडली. तो बिचारा तिला मुळांचा चहा म्हणणार होता, पण खाणीत राबणारे गडी चहा कशाला पितील, म्हणून तिला बिअर म्हटलं. आत दारूचा थेंब नाही. पुढे तिकडे दारूबंदी आली तेव्हा तर हिची चांदीच झाली. सासाफ्रास नावाच्या झाडाचं मूळ, सार्सापरिला, ज्येष्ठमध, व्हॅनिला, बर्चची साल, विंटरग्रीनचा पाला. सासाफ्रासच्या तेलावर त्यांच्याच सरकारने एकोणीसशे साठ साली बंदी घातली, तेव्हापासून तो वास दुसऱ्या वाटेने आणतात. आणि वर फेस, मिशीला लागेल इतका.

"ते सगळं ठीक, पण लागते कशी रे?" मी विचारलं.

"डिफरंट, काकू," सुजीत म्हणाला.

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आमच्या पुरुषांना एखादी गोष्ट धड चांगली म्हणता येत नाही आणि वाईट म्हणायची नसते, तेव्हा ती डिफरंट असते.

अमेरिकन लोक लोटतायत, हॉटेलं उघडतायत, फिलिपिनो लोकांना तर ही आधीपासून माहीत आहे, असं सांगून त्याने रमणीकभाईंना पटवलं आणि आख्खा कंटेनर मागवला. तो जेबेल अलीच्या बंदरात उतरला नोव्हेंबरात. तोवर न्यूयॉर्कच्या बँका बसल्या होत्या आणि आमच्याकडच्या क्रेन थांबायला लागल्या होत्या. ज्या दोन हॉटेलांनी माल घेऊ म्हटलं होतं, त्यातलं एक उघडलंच नाही आणि दुसऱ्याने फोन उचलायचं सोडलं. सुपरमार्केटांनी कोपऱ्यातली फळी दिली. तिथून फिलिपिनो मुली दोन-दोन डबे उचलायच्या, बाकी कोणी ढुंकून बघत नव्हतं.

मार्चमध्ये रमणीकभाईंनी सुजीतला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, तोही गळ्यापर्यंत बुडाला होता. म्हणाले, "अंतरकर, ऑगस्ट में माल एक्सपायर होगा. उसके पहले गोदाम खाली किया तो तुम रहोगे. नहीं तो खलास, व्हिसा कॅन्सल." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, व्हिसा कॅन्सल म्हणजे घर, शाळा, गाडी, सगळं महिन्याभरात आवरायचं आणि विमानात बसायचं. मुग्धाची दहावी पुढ्यात होती.

तो वसंत ऋतू मला आठवला तरी डोकं फिरतं. लोक जात होते आणि खरं बोलत नव्हते. कोणाची सासू अचानक आजारी पडायची, कोणाला मुलांसाठी पुण्याचं शिक्षण बरं वाटायला लागायचं. इमारतीच्या खालच्या फलकावर सोफे, कपाटं, सायकली विकायच्या चिठ्ठ्या लागायच्या आणि चिठ्ठीवर नाव नसायचं, नुसता फोन नंबर. लाज कसली? घाण केली कुठल्यातरी बँकेने आणि मान खाली घालायची आमच्या बायकांनी! सुजीतचंही तेच सुरू झालं होतं. आत्तापासून तिकिटं बघू, ठाण्याच्या शाळेत विचारू, कोणाला काही सांगायला नको.

मनोरमा म्हणाली, "मी जाणार नाही. मुग्धाची दहावी इथेच होणार. डबे विकायचेत ना? विकू की."

चैत्रातलं तिचं हळदीकुंकू दरवर्षी एखाद्या शुक्रवारी, म्हणजे आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, असायचं. रोल्याच्या बाजारातून कैऱ्या आणि मोगऱ्याचे गजरे आणायचे, मी डाळ वाटून द्यायची, ती पन्हं करायची. त्या वर्षी तिने फ्रीज उघडून दाखवला. आत नुसते तपकिरी डबे.

"यंदा पन्हं नाही, काकू. रूट बिअर."

"अगं, गौरीपुढे बिअर?"

"मुळांचं पाणी आहे ते. कैरी झाडावर लागते, हे झाडाखाली. आणि मला सारखं वाटतंय, हा वास माझ्या ओळखीचा आहे. कुठला ते आठवत नाहीये, डोक्याला नुसता भुंगा लागलाय."

बायका आल्या. दुबईहून मृणालिनी देवस्थळीसुद्धा आली. ती ऊद मेथाला राहायची, नवरा मोठ्या बँकेत, आणि आमच्या महिला मंडळाची ती सेक्रेटरी. गौरीला नमस्कार झाला, हळदीकुंकू, अत्तर, हरभऱ्याची ओटी झाली, आणि मनोरमाने बर्फ घातलेले पेले फिरवले. पहिला घोट मृणालिनीने घेतला आणि नाक मुरडलं.

"अगं मनोरमा, हे तर गुडघ्याला चोळायचं मलम!"

हशा पिकला. खोटं कशाला बोलू, वास मलमाचाच होता. तो विंटरग्रीनचा पाला आमच्या डोक्यात दुखऱ्या गुडघ्यापाशीच जाऊन बसलेला. अमेरिकेतल्या पोराला त्या वासाने आइस्क्रीम आठवतं, आम्हाला सासूबाई. दारातून मुग्धा म्हणाली, "आय टोल्ड यू, आई. इट्स डिस्गस्टिंग." पेले एकेक करत खाली टेकले.

मनोरमा तबक घेऊन मधोमध उभी राहिली. "हसा, हसून घ्या. पण हेही ऐका. ह्या डब्यांचा आख्खा कंटेनर गोदामात पडलाय. ऑगस्टच्या आत खपला नाही तर सुजीतची नोकरी जाणार. कोणाच्या ओळखीचं दुकान असेल, हॉटेल असेल, तर सांगा."

  मृणालिनीने ओटीची पुडी पर्समध्ये टाकली आणि हळूच म्हणाली, "असं चारचौघांत नसतं गं सांगायचं."

"का? आम्ही चोरी केलीये?"

बायका लवकरच उठल्या. ओट्यावर भरलेले पेले रांगेने उभे होते आणि मनोरमा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं. मी पेला मोरीत ओतायला उचलला तर तिने माझा हात धरला. "एक थेंब ओतायचा नाही, काकू. मी पिईन सगळे."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची रुकय्या आली. ती कोळिकोडची, एका दवाखान्यात नर्स. दरवर्षी गजऱ्यासाठी यायची, ड्यूटीमुळे उशिरा यायची. तहानलेली होती. समोरचा पेला उचलून तिने निम्मा संपवला आणि थांबली.

"भाभी, ये तो नन्नारी जैसा है! मेरी उम्मा बनाती थी. लेकिन नींबू क्यों नहीं डाला?"

"नन्नारी म्हणजे?"

"जड़ होता है, पतला, काला. तोड़ो तो क्या खुशबू! सरबत बनाते हैं, गर्मी में."

मनोरमाने तिचं मनगट पकडलं. "वेल है? जमीन पे जाती है? पत्ते पे सफेद लकीर? तोडा तो दूध निकलता है?"

"हाँ, हाँ, वही!"

"काकू, उपळसरी!" ती ओरडलीच. "आई वैशाखात माठात टाकायची. शाळेतून येताना आम्ही उकरून चघळायचो. उपळसरीचा वास आहे हा!"

कुडाळ काय आणि कोळिकोड काय, किनारा एकच. दोघी एकमेकींचे हात धरून एकाच मुळाची दोन नावं ओरडत होत्या आणि मी मध्ये उभी राहून हसत होते. मग रुकय्याने एका पेल्यात लिंबू पिळलं, मीठ टाकलं, घरात भिजवलेला सब्जा होता तो चमचाभर घातला. मी प्यायले. मलमाचा वास होताच, पण आता तो परका वाटेना. दुसरा पेला मी मागून घेतला.

"मेरे देवर का कॅफेटेरिया है, इंडस्ट्रियल एरिया में," रुकय्या म्हणाली. "उसको पिलाओ."

खरा तमाशा सुजीत घरी आल्यावर झाला. "मनू, धिस इज अ प्रीमियम प्रॉडक्ट. लिंबू पिळून? कॅफेटेरियात, गॅरेजवाल्यांना? ब्रँडची वाट लागेल."

"ब्रँड गोदामात सडतोय."

"मी की-अकाउंट्स बघतो, मोठी हॉटेलं, सुपरमार्केटं. मी तिथे काय सांगू?"

"तू नको सांगूस. तू टाय लावून अमेरिकन शोधत बस. मी लिंबं घेऊन जाते."

सुजीतची चूक मला तेव्हा नीट दिसली, आणि ती आमच्यासारख्यांनीच करावी अशी होती. डब्यावर इंग्रजी, माल अमेरिकेचा, म्हणून तो घेऊन हा फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांच्या दारात गेला. ज्यांच्या जिभेवर ती चव लहानपणापासून होती, ते त्याच्या गोदामामागच्याच गल्लीत रोज चहा पीत उभे होते. त्यांच्याकडे बघायचं त्याला सुचलंच नाही, कारण आपण तसं बघतच नाही.

कंपनीच्या व्हॅनवर शौकत परकार ड्रायव्हर होता, खेडचा; मनोरमाने त्यालाच पटवून व्हॅनमध्ये डबे भरून घेतले. तो मनोरमाशी मराठीतच बोलायचा. पहिल्या दिवशी मीही गेले, घरी बसून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नसतं. मे महिन्याचं ऊन, टायरांचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या. रुकय्याच्या दिराच्या टपरीवजा कॅफेटेरियासमोर निळ्या डगल्यातली माणसं दाटीने उभी होती. त्यात आम्ही दोघी साडी-पंजाबी ड्रेसवाल्या उतरलो आणि सगळ्यांचे चहाचे कप तोंडाशी थांबले.

"भाभी, लोक बघतायत हो," शौकत कुजबुजला.

"बघू देत. बघतील तेच पितील."

तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली, व्हॅनच्या मागच्या फळीवर लिंबं चिरली आणि पेले भरले. पहिल्या मेकॅनिकने पेला घेतला, वरचा फेस फुंकून उडवला आणि पेला परत पुढे केला. "आधा तो हवा है, दीदी. पूरा भरो." त्याच्या लेखी फेस म्हणजे मापात पाप. मनोरमाने पेला काठोकाठ भरला. "फेस भी पीने का है भाई, लेकिन लो, तुम्हारा हिसाब अलग."

"बाम का बास आता है," मागून कोणीतरी म्हणालं.

मला वाटलं, झालं, इथेही तेच. पण मनोरमाने मान वर केली. "आता है! दिनभर गाड़ी के नीचे बैठते हो, घुटना दुखता है ना? तो पियो!"

गर्दी हसली, आणि हे हसणं हळदीकुंकवातल्या हसण्यासारखं नव्हतं. हात पुढे आले. टायरच्या दुकानातला एक म्हातारा तमिळ गृहस्थ पेला घेऊन बाजूला गेला, डोळे मिटून हळूहळू प्यायला आणि येऊन दुसरा मागितला. "नन्नारी," एवढंच म्हणाला. रुकय्याच्या दिराने भाव विचारला तेव्हा मनोरमाने बेधडक सांगितलं, ग्लास दीड दिरहॅमला विक. शौकतने सवयीने पुटपुटून घेतलं, "दीड दिरहॅम म्हणजे वीस रुपये. गावाला कोणी दिले असते का?"

गल्ल्यागल्ल्यांतून मागणी यायला लागली. आणि एका सकाळी रमणीकभाईंचा निरोप आला, मनोरमाने ऑफिसात यावं. कंपनीच्या गाडीत बाई फिरते, तिचा व्हिसा गृहिणीचा, कोणी पकडलं तर दंड कंपनीला. त्यांचं भय खोटं नव्हतं.

"मैं काम नहीं करती, रमणीकभाई," मनोरमा म्हणाली. "पगार लेती हूँ क्या? मैं तो अपने पति के साथ घूमने जाती हूँ."

"पति? गाड़ी में पति किधर है?"

सुजीत दाराशी खालमानेने उभा होता. मनोरमाने त्याच्याकडे बोट केलं. "ये क्या खड़ा है. कल से गाड़ी में."

दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये सुजीत बसला, गळ्यात टाय आणि मांडीवर लिंबांची पिशवी. शौकतने मला नंतर सांगितलं की पहिल्या कॅफेटेरियात साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. काही दिवसांनी टाय गेला. मग बाह्या वर गेल्या. जूनच्या अखेरीस तो टायरवाल्यांना फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाची गोष्ट हिंदीतून सांगत होता, आणि नाव खाणकामगारांसाठी ठेवलं होतं म्हटल्यावर वेल्डर लोक खूश होऊन माना डोलवत होते. हे पेय मुळात त्यांच्यासारख्यांचंच, एवढं त्यांना पटलं होतं.

रमजान लागायच्या आधी गोदामाचा तो कोपरा रिकामा झाला. रमणीकभाई म्हणाले, "कमाल कर दी, अंतरकर. दूसरा कंटेनर मँगवाओ." सुजीत म्हणाला, "सर, कमाल मेरी नहीं है." हे तो म्हणाला म्हणून मी त्याला मागचं सगळं माफ केलं. रमणीकभाईंनी मनोरमाला बोलावून मिठाईचा डबा पुढे केला. तिने हात लावला नाही.

"थँक्यू नको. मेरा व्हिसा निकालो, नोकरी का. घूमना बहुत हो गया."

ते हसले. "देखते हैं, भाभी. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मैं बोलती हूँ," मनोरमा म्हणाली, "आप फोन करो."

पुढच्या चैत्रात तिचं हळदीकुंकू मोठं झालं. मुग्धाची दहावीची परीक्षा नुकतीच इथेच, तिच्या वर्गातच झाली होती. मनोरमाचा नोकरीचा व्हिसा निघाला होता, आठवडाभर काम करून तिला वेळ उरत नव्हता म्हणून डाळ आणि पन्हं दोन्ही मी केलं. बायका पन्ह्याचे पेले बघून हिरमुसल्या. "अगं, ती तुझी लिंबूवाली रूट बिअर कुठे? आमचे हे ऑफिसखाली रोज पितात म्हणे."

"ती कॅफेटेरियात मिळते," मनोरमा म्हणाली. "विकत. फुकट होती तेव्हा तुम्ही प्यायला नाहीत."

काही हसल्या, काहींना लागलं. लागू दे म्हटलं, लागायलाच हवं होतं.

मृणालिनीही आली होती. नेहमीची रेशमी साडी, पण पन्ह्याला तिने हात लावला नव्हता. मनोरमाला मदत करते म्हणून ती स्वयंपाकघरात आली. मी तिथे डाळ वाढत होते. मला बघून जरा थबकली, मग म्हणाली, "तुला सांगायचं होतं. आम्ही जूनमध्ये पुण्याला शिफ्ट होतोय. तन्मयच्या शिक्षणासाठी."

"कुठली शाळा?" मनोरमाने विचारलं.

मृणालिनीने तोंड उघडलं आणि तिला एकाही शाळेचं नाव सांगता येईना. पुण्यात जन्मलेली बाई ती.

"कधी गेली नोकरी?"

"फेब्रुवारीत. बँकेने व्हिसा तेवढा जूनपर्यंत ठेवलाय." तिने दाराबाहेर बघून घेतलं. "रोज टाय लावून निघतात गं घरून. क्रीकच्या बागेत बसतात. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मीच डबा भरून देते."

मला भडभडून आलं. मनोरमाने मात्र तिला जवळ घेतलं नाही, अरेरे म्हटलं नाही. तिने फ्रीज उघडला, मागच्या कप्प्यातून तपकिरी डबा काढला, पेला भरला, लिंबू पिळलं, मीठ टाकलं.

"पी."

मृणालिनी प्यायली. पेला संपेपर्यंत तिने खाली ठेवला नाही. "मलमच आहे गं," ती रडत म्हणाली.

"आहेच. उद्या सात वाजता खाली व्हॅन येते. दुबईची बाजू रिकामी पडलीये. इंटरनॅशनल सिटीत एवढी माणसं राहतात, तिथे अजून कोणी गेलेलं नाही. तुला गाडी येते."

"पण माझा व्हिसा हाऊसवाइफचा."

"मग नवऱ्याला घेऊन ये. त्याच्याबरोबर फिरायला निघालीयेस. आणि टाय घरी ठेवायला सांग त्याला."

मृणालिनीने नळाखाली तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि बाहेर गेली. मी डाळीचं भांडं घेऊन तिच्यामागे होते. हॉल बायकांनी भरलेला. कोणीतरी विचारलं, "अगं, होतीस कुठे इतका वेळ?"

ती गौरीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसली.

"आत होते. आमच्या ह्यांची नोकरी गेलीये, ते मनोरमाला सांगत होते," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "काकू, पन्हं द्या की इकडे."

मी पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.